अर्ध्या ओळीचा ग्रिड

नाही, पण मी म्हणतो, ग्रिड म्हणजे काय भाजी आहे का, या गाडीवर नाही मिळाली तर पुढच्या गाडीवरून घ्या म्हणायला? ओळी-रकान्यांचा तक्ता हो तो, स्क्रीनवरचा! तुम्हाला सांगतो, जो उठतो तो मला ऐकवतो, 'ग्रिड म्हणजे ग्रिड, त्यात काय एवढं!' बायकोसुद्धा! मी काम काय करतो ते तिला अजून कळलेलं नाही, पण हे वाक्य मात्र तोंडपाठ!

तर झालं काय, औषधांच्या एका गोदामात माझा बिलांचा प्रोग्राम चालतो. चालतो कसला, पळतो! पण ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, तो उभा होता, ते बंद पडलं, त्यातला ग्रिडही गेला... बनवणाऱ्यांनीच हात वर केले! गोदामाचे साहेब म्हणाले, "नव्यावर घ्या. पण आमच्या ताईंचा हात एकदा जरी अडला, तर तुम्हाला नमस्कार. आम्ही तयार प्रोग्राम आणू."

ताई म्हणजे बिलं करणाऱ्या. टाइप करताना त्या स्क्रीनकडे बघतच नाहीत हो! फोन खांद्यात, नजर खिडकीबाहेर, आणि बोटं सुसाट. एंटर मारला की शेजारचा रकाना, हे बोटांना माहीत, जुन्या ग्रिडला माहीत. आणि नवा ग्रिड? एंटर मारला की पठ्ठ्या थेट खाली! औषधाच्या नावाखाली औषधाचं नाव, आकडे गेले वाऱ्यावर! दुसरा आणला, त्याला बेरीज येईना. तिसरा दिसायला देखणा, पण ओळी वाढल्या की त्याला घाम फुटे. मित्र म्हणतो, 'ताईंनाच शिकव की! ग्रिड म्हणजे ग्रिड...' का म्हणून? मी शिकेन, ग्रिड शिकेल, ताईंची बोटं शिकणार नाहीत! सांगून ठेवतो!

शेवटी एकाला कान धरून एंटर शिकवला. ताईंना बसवलं. बोटं धावली, बिल झालं, मी श्वास सोडला... मग त्या माल भरणाऱ्याला बिल वाचून दाखवायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. "संपलं."

"अहो ताई, खाली अजून औषधं आहेत!"

"मग अर्धी ओळ कुठंय?"

म्हणजे काय, तर जुन्या ग्रिडमध्ये सगळ्यात खालची ओळ अर्धी कापलेली दिसायची. चूक होती ती त्या ग्रिडची! आणि ताई इतकी वर्षं त्यावरून ओळखायच्या, की खाली अजून माल आहे! नव्यात ओळी अगदी मापात. म्हणजे औषधं गोदामातच राहणार की! साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं...

ग्रिडवाल्या कंपनीला फोन लावला. पलीकडे मधाळ आवाज, "सरऽऽ, आमच्या ग्रिडमध्ये ओळ कधीच कापली जात नाही, हेच तर आमचं वैशिष्ट्य!"

"मला कापलेलीच हवी!"

"पण सर... कशाला?"

"हौस!"

फोन आपटला आणि माझ्या हातांनी कापली ती ओळ, बरोबर मधोमध. ग्रिड म्हणजे ग्रिड म्हणे... या, कापून दाखवा!

ताई पुन्हा बसल्या. बोटं कुठे अडली नाहीत. वाचताना खाली अर्धी ओळ दिसली, तशा पुढच्या ओळींवर सरकल्या. मला भरून आलं हो, खरंच!

तेवढ्यात साहेब पुढे झाले, चष्मा सारखा केला. "सगळं पहिल्यासारखंच दिसतंय की! मग इतके महिने केलंत काय? आणि ती खालची ओळ अर्धी कापली गेलीय बघा, तेवढी नीट करून टाका."

काय करता... केली नीट. फक्त साहेबांच्या कॉम्प्युटरवर.