बुंध्यावरचं नारिंगी जाकीट

नाही, कॉफी मागाहून. आधी शर्ट विजारीतून बाहेर ओढ — ओढ म्हणतो ना, कर्टिस — ही कात्री दिसतेय ना हातात? ज्याचं हरीण हुकलं त्याच्या शर्टाचं शेपूट कापायचं आणि त्या भिंतीवर खिळ्याने ठोकायचं, आमच्या खोपटात हे असंच चालत आलंय. बघ भिंतीकडे. तो चौकटीचा तुकडा माझ्या भावाचा, हसत हसत कापून घेतला होता त्याने, खालचे सगळे माझ्या जोडीदाराचे, ओनीचे, ओनीला हत्तीसुद्धा हुकेल. माझा शोधू नकोस. नाहीये. आता तू म्हणशील, मी गोळीच झाडली नाही तर हुकलं कसं? अरे, झाडली नाहीस म्हणूनच तर! आणि बाबा म्हणू नकोस मला. आज नको. सेल्माशी लग्न केलंस तेव्हापासून बाबा म्हणतोस, ऐकून घेतो, आज नाही ऐकवत. आणि हळू बोल — ओनी तिकडे वाफेची खोली तापवतोय, त्याच्या कानावर यातलं काही जाता कामा नये.

त्या दलदलीत कुणासाठी उतरलो होतो मी? स्वतःसाठी? गुडघाभर काळं पाणी, वर पापुद्र्यासारखा बर्फ, पाय टाकला की कुरकुर वाजून आत जातो, बुटात पाणी, आणि सीडरच्या वाळक्या फांद्या तोंडावर फटके मारतात. रान उठवणं म्हणजे बोंबा मारत धावणं नव्हे, शहरातल्या लोकांना तसं वाटतं. दोन पावलं टाकायची, थांबायचं, खाकरायचं, खोडावर काठी आपटायची — हरणाने घाबरून उधळायचं नाही, नुसतं वैतागून उठायचं आणि चालत चालत नाक्यावर दबा धरून बसलेल्याच्या पुढ्यात यायचं. एका अंगाने ओनी, दुसऱ्या अंगाने मी, आणि नाक्यावर कोण? जावईबापू! नाक्यावर बसायचा तो बुंधा मी ओनीलाही कधी दिला नाही. तुला दिला. का दिला? तर तुझं पहिलं हरीण व्हावं, शहरात चौकात टांगावं, लोकांनी म्हणावं, रेइनोच्या जावयाने मारलं हो. तुला काय सांगितलं होतं? नाक्यावरच्याने उठायचं नाही. रान उठवणारा येऊन खांद्याला हात लावेपर्यंत लघवी आली तरी उठायचं नाही. नारिंगी जाकीट अंगावरून काढायचं नाही. आणि रान उठवणाऱ्याची बंदूक रिकामी, हे तर इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

बस. उभा राहून काय ऐकतोस. घे कॉफी — बाहेर सांडली? कुठे सांडली? कपच असला काळा आहे, कडा कळत नाही त्याची.

मला सांग, त्या फोनच्या डबीत असतं तरी काय? नाही, खरंच विचारतो. ओनीचा पुतण्या झाडावरच्या मचाणात बसून मॅच बघत होता, खालून दोन माद्या आणि एक नर गेले, आम्हाला पावलं दिसली बर्फात, आणि हा वरून ओरडतो, आपला संघ जिंकला! दुसरा एक आलाय खालच्या खोपटात, त्याने झाडाला कॅमेरा बांधलाय, हरीण आलं की कॅमेरा त्याला खिशात फोटो पाठवतो. मग जा ना घरी! फोटोच बघायचे तर घरी बसून बघ, चूल आहे, बायको आहे. वारा कुठून येतोय हेसुद्धा हल्ली फोनला विचारतात. अरे, नाक आहे तोंडावर, ते कशाला दिलंय? रानात बसायचं म्हणजे आपण नाहीच असं बसायचं. पहिला तासभर रान गप्प असतं, तुला ओळखतं ते, मग खार बोलायला लागते, मग चिमण्या येतात, मग तुझा श्वाससुद्धा तुला परका वाटतो — आणि तेव्हा येतं हरीण. आवाज करत नाही. एकदम असतंच तिथे. तू कधी बसलास तसा? कधीच नाही. तुझा अंगठा थांबतच नाही.

आणि मला कळत नाही असं समजू नकोस, तू का आलास ते. हरणासाठी नाही आलास. सेल्माने पाठवलंय तुला. जा, बाबांवर नजर ठेव, त्यांना दिसतंय की नाही बघ, आणि मला कळव. मागच्या वेळी तिच्या स्वयंपाकघरात म्हणाली नव्हती का ती — बाबा, डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या, तोवर बंदूक कपाटात ठेवा, नाहीतर मी येऊन उचलून नेईन? सर्वांसमोर म्हणाली. टिलीसमोर म्हणाली. नात माझ्याकडे बघतेय आणि मी खिमा भरलेल्या पेस्टीचा घास गिळतोय. बंदूक काढून घेतली की माणसाकडे उरतं काय रे? अंगणातला बर्फ ओढायचा आणि औषधांच्या गोळ्या मोजायच्या. म्हणून म्हटलं, या वर्षी एक हरीण पडू दे, मग बघू कोण म्हणतं रेइनोला दिसत नाही. तुझं, म्हणजे. तुझं पडू दे, असं म्हणत होतो.

ऐक आता काय झालं ते, कारण तू तिथे असून तुला काहीच माहीत नाही. मी दलदलीतून वर आलो. पलीकडे बघतो तर बुंध्यावर नारिंगी. म्हटलं, शाबास, बसलाय पोरगा, हललासुद्धा नाही. तुझ्याबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं, खोटं नाही सांगत. आणि मग डाव्या हाताला, त्या टेकाडावर, वाळलेल्या नेच्यांमध्ये काहीतरी हललं. तपकिरी पाठ. मान खाली घातलेली. त्याच्यामागे शिंगं — आठ टोकांची, मोजली मी, एक एक मोजली. आणि शेपटी उडाली. पांढरी, फट्‌दिशी, एकदा, मग पुन्हा. तूही असतास तर म्हणाला असतास, नर आहे. इतक्या वर्षांत एवढा मोठा बघितला नव्हता. श्वास धरला. बंदुकीचा सुरक्षेचा खटका सोडला. बोट चापावर, नुसतं टेकवलेलं, अर्धा श्वास बाहेर — आणि नेच्यांतून टिलीचा आवाज. ‘पप्पा, फोन! पप्पा, फोन उचल ना!’ रानात! माझी नात! त्या डबीत तिचा आवाज भरून ठेवलायस तू, तो वाजला, आणि संपलं सगळं. म्हणून म्हणतो, शर्ट बाहेर काढ. आयुष्यातला सगळ्यात मोठा नर तुझ्या त्या—

काय म्हणालास?

खटका कशाला सोडला म्हणजे? सवयीने सोडला. रिकाम्या बंदुकीचाही सोडतो माणूस. रिकामीच होती. मी सांगतोय ना रिकामी होती, तू कोण मला विचारणारा? रान उठवणाऱ्याची बंदूक — मीच तर सांगितलं तुला आत्ता. हसू नकोस. हसत नाहीयेस? मग तोंड तसं का केलंस?

आणि तू कुठे होतास तेव्हा? सांग ना. बुंध्यावर रेंज येत नाही, म्हणून टेकाडावर गेलास. जाकीट बुंध्यावर टांगून गेलास. कशाला? आम्हाला नारिंगी दिसावं, आम्हाला वाटावं बसलाय आज्ञाधारक जावई! दोन म्हाताऱ्यांना गंडवायला. टोपी काढलीस, का तर कानावर येते, फोन लावता येत नाही. खाली तपकिरी स्वेटर, सेल्माने विणलेला. वाकून बसलास गुडघ्यांवर, मागे वाळलेल्या झुडपाच्या फांद्या, आणि हातात ती डबी — पांढऱ्या कव्हरची. हलवत होतास ती. वर धरत होतास. रेंज शोधत होतास.

गेलो मी तिथे. तू फोनवरचं बोलणं आटपून बुंध्याकडे गेलास ना, तेव्हा गेलो. म्हटलं, नर पळाला कुठल्या बाजूला, पावलं तरी बघू. रात्रीचा बर्फ, ताजा, ससा गेला तरी उमटेल. खाली वाकलो, हाताने चाचपलं. बुटांची पावलं होती. येताना आणि जाताना. दुसरं काही नव्हतं.

बोल. इतका वेळ बोलायला टपला होतास. फोनवर सेल्माला काय सांगत होतास ते तरी सांग, हेच ना — म्हातारा चाचपडतो, कॉफी सांडतो, पायरी चुकतो? सांग, मला राग नाही येणार. यायचा तेवढा आलाय.

काय?

‘बाबांना माझ्यापेक्षा चांगलं दिसतं.’ असं सांगितलंस? ‘काळजी करू नकोस, बंदूक राहू दे त्यांच्याजवळ.’ हे सांगायला गेला होतास टेकाडावर? माझ्याकडे बघून बोल. नाही — नको. नको बघूस.

मूर्ख आहेस तू. अरे, कुणी सांगितलं होतं तुला माझ्यासाठी खोटं बोलायला? तुला दिसत होतं ना सगळं? काल पायरीवर धडपडलो ते बघितलंस तू, दुसरीकडे तोंड वळवलंस, मला वाटलं हा मनात लिहून ठेवतोय. आणि तू म्हणे — टिलीला काय सांगितलं असतं मी? तिचाच आवाज होता तो. ती रोज तुला हाक मारते त्या डबीतून, आणि मी आज— 

ठेव तो कप. पुरे. ही घे कात्री. घे म्हणतो ना, आणि माझा काप. मागचा. मोठा काप, ओनीपेक्षा मोठा. खिळे तिथे डब्यात आहेत, मला नाही सापडणार, तूच ठोक. वर ठोक, भावाच्या शेजारी. ओनी विचारेल तर म्हणावं, रेइनोचं हुकलं. एवढंच. कधी नव्हे ते हुकलं.

आता निघ. हो, आत्ताच. वाफेला थांबू नकोस, जेवायला थांबू नकोस, पेस्ट्या कागदात बांधून ठेवल्यात त्या ने. बंदूक दारामागे आहे, ती गाडीत टाक, मागच्या सीटवर, घोंगडी टाक तिच्यावर. काडतुसं ही माझ्या खिशातली. सगळी नाहीत. एक अजून आत आहे, नळीत. काढ ते. माझ्यासमोर काढ. मला बघू दे — मला ऐकू दे निघाल्याचं.

हं.

मोठ्या रस्त्याला लागलास की रेंज येईल. सेल्माला फोन कर, म्हणावं, बाबांनी आपणहून दिली. का दिली ते सांगू नकोस. सांग. नको, मी सांगेन. जा आता, तोंड नको दाखवूस मला, जा. थांब, असा कुठे निघालास? जाकीट घाल ते. नारिंगी. गाडीपर्यंतच जायचंय, माहीत आहे मला. घाल. टोपीही घाल. नीट. कानांवर ओढून.

जा.