मेंढे निवडणाऱ्याचं लॅब्रॅडोर

पोट बघितलं हो मी, पोट! गच्च, गोल, टरबुजासारखं पोट... आणि आता सगळी गल्ली मला विचारते, ‘लारुसी काका, तुम्ही असून असं कसं झालं?’ अरे, मी असूनच तर झालं! चाळीस वर्षं मेंढे निवडले मी, चाळीस वर्षं! अख्ख्या कैरवान शहरात एक घर दाखवा, जिथं ईदचा मेंढा माझा हात पाठीवरून फिरल्याशिवाय दारात आलाय. डोळे मिटून कंबर दाबायची आणि सांगायचं, हा घे, तो सोड. संपलं. बोलायचं कामच नाही. म्हणून तर मी कमी बोलतो, मेंढ्यांना कुठं गप्पा लागतात? पण आज मला बोलू द्या. आज सकाळी त्या पिल्लानं माझी चप्पल चावली, पार चिंध्या केल्या, आणि मी तिथंच पायरीवर बसून रडलो. चपलेसाठी नाही हो! चप्पल गेली खड्ड्यात!

तुम्हाला सांगतो, माझे गुडघे गेले, बाजार सुटला, आणि मी घरात बसायला लागलो. आमची मुलगी रिम, सूसला शाळेत शिकवते, ती म्हणाली, “बाबा, तुम्ही दिवसभर त्या भिंतीकडे बघता. आता तर भिंतसुद्धा अवघडली असेल. लॅब्रॅडोर आणू या. मायाळू जात आहे.” तर आमची मोंजिया, माझी बायको, हातातली पळी तशीच वर, “कुत्रं? माझ्या घरात? अंगणात राहील. उंबरठ्याच्या आत एक पाय टाकला तर ते तरी राहील नाहीतर मी तरी!” मी काही बोललो नाही. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात मी बहुतेक वेळा काही बोललेलो नाही, म्हणून तर सेहेचाळीस झाली.

गेलो. सूसच्या अलीकडे रिधा म्हणून एक माणूस आहे, त्याच्या ऑलिव्हच्या बागेत कुत्री वाढवतो. आठ पिल्लं, दोन महिन्यांची. आणि कानाला फोन, फोनवर रिम, तिच्या त्या फळ्यापुढच्या आवाजात, “बाबा, आधी त्यांची आई बघा. शांत आहे का, अंगावर तुकतुकी आहे का. मग पिल्लाचे डोळे. चिपडं नकोत. नाक वाहायला नको. कानाला वास नको, बाबा, कान हुंगून बघा...” मी हुंगणार! चाळीस वर्षं मेंढे निवडले, कधी कुणाचा कान हुंगला नाही! “हिरड्या गुलाबी हव्यात. शेपटीखाली स्वच्छ हवं. टाळी वाजवा, कोण धावत येतं बघा. आईबापांच्या खुब्यांची तपासणी झाली असेल, तिचे कागद मागा. जंताचं औषध कधी दिलं, लस कधी दिली, विचारा. आणि बाबा, सगळ्यात महत्त्वाचं, पोट जर...” एवढ्यात मी फोन खिशात टाकला. ती बोलतच होती. माझ्या मांडीला सगळं सांगितलं तिनं. मांडीला समजलंही असेल, मला मात्र नाही.

कारण मला येत होतं ना सगळं! मी खाली बसलो आणि पहिल्या पिल्लाची शेपूट दाबली. आमच्याकडच्या मेंढ्याची सगळी चरबी शेपटीत असते, शेपूट ताटाएवढी रुंद, उचलली तर मनगट दुखेल अशी. इथं? काडी! दुसऱ्याची दाबली... काडी! आठही पिल्लांच्या शेपट्या दाबल्या, आठही काड्या. रिधा बघतोय, बघतोय, आणि शेवटी म्हणाला, “काका, ह्यांची शेपूट शिजवायची नसते.” म्हटलं, “मला ठाऊक आहे रे!” मग दात बघितले, कंबर दाबली, एकेकाला उचलून वजन केलं. एक पिल्लू माझ्या विजारीला लोंबकळत होतं, दुसरं त्या पिल्लाला लोंबकळत होतं. रिधा म्हणाला, “हा पहिला न्या काका, चलाख आहे.” चलाख! बाजारात चलाख मेंढा म्हणजे काय? पळून पळून हाडं उरलेला! आणि मग मला तो दिसला. कोपऱ्यात. एकटा. शांत बसलेला, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही, आणि पोट असं जमिनीला टेकलेलं. मला वाटलं, हा खानदानी आहे. मला वाटलं, हा माझ्यासारखा आहे. उचलला तर जड! हाताला गोल! म्हटलं, “हा.” रिधानं जरा डोकं खाजवलं, “जंताचं औषध ह्याला द्यायचं राहिलंय, लसही, तेवढं बघा हं...” बघू, बघू! कोण ऐकतंय!

नाव ठेवलं मक्रूद. आमच्या कैरवानच्या मक्रूद मिठाईसारखाच रंग होता हो, खजूर भरून, तळून, पाकात बुडवून काढलेला.

दोन दिवस त्यानं खाल्लं. तिसऱ्या दिवशी खाईना. चौथ्या दिवशी उठेना. हाक मारली की फक्त शेपटीचं टोक हलायचं... ती काडी, तिचं फक्त टोक. पाणी दिलं तर ओकायचा. आणि मग गल्ली जागी झाली! शेजारचा शाद्ली न्हावी, हातात वस्तरा, “काका, लसूण चारा, लसणानं आतलं सगळं मरतं!” अरे, आत तोही आहे ना! समोरची खमैसा मावशी धावत आली, “नजर! नजर आहे ही! एवढं गुटगुटीत पिल्लू उघड्यानं मिरवलंत, लाज नाही वाटली?” आणि तिनं असा धूप घातला, असा धूप घातला, की पिल्लू शिंकलं, मी खोकलो, आणि शाद्लीच्या दुकानातलं गिऱ्हाईक अर्धी दाढी घेऊन रस्त्यावर पळालं. मोंजिया दारात उभी. म्हणाली, “मी सांगितलं होतं.” मग थोड्या वेळानं तिथूनच, “त्याच्या अंगाखाली काही घातलंत का? फरशी गार आहे.”

मीही एक शहाणपणा केला. बाजारात मेंढ्याचं पोट बिघडलं की आम्ही ऑलिव्हचं तेल पाजतो. पाजलं चमचाभर. तुम्हाला सांगतो... जेवून आलात ना? मग ऐकूच नका... तो ओकला, आणि त्यात शेवया. मी म्हटलं, ह्याला शेवया कुणी चारल्या? वाकून बघितलं. शेवया हलत होत्या!

चाळीस वर्षं मेंढे निवडले मी, आणि ते पोट, ते माझं गोल, खानदानी, टरबुजासारखं पोट, ते सगळं जंतांचं होतं!

भाजीच्या टोपलीत घातला त्याला, वर माझी शाल, आणि हे असे गुडघे घेऊन पळालो. हो, पळालो. जनावरांची डॉक्टर आहे ना आपली बेस्मा, खाटकाची मुलगी, तिच्या घरचे मेंढे मीच निवडायचो, एवढीशी होती तेव्हा बापाचा सदरा धरून उभी असायची. आता ती टेबलाच्या त्या बाजूला आणि मी सदरा धरून उभा. तिनं त्याच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून वर ओढली, सोडली. कातडी तशीच उभी राहिली. तंबूसारखी. “बघितलंत काका? अंगात पाणी नाही.” ओठ उचलला. हिरड्या पांढऱ्या, मेणासारख्या. मग माझ्याकडे वळली. “काका, दोन महिन्यांचं कोकरू असतं, अंगावर मांस नाही आणि पोट असं फुगलेलं, तर तुम्ही काय म्हणाला असतात?”

“जंत,” मी म्हटलं.

“मग?”

“...हे कोकरू नव्हतं ना, पोरी.”

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, “जंत मी काढीन. पण लस नाही झालेली. आतड्याचा एक वाईट आजार असतो, तो असेल तर मी काही वचन देऊ शकत नाही.” एक पट्टी काढली, त्याच्या शीचा नमुना कालवून त्यावर थेंब टाकले. “एक रेघ आली तर आपलं नशीब. दोन आल्या तर... दहा मिनिटं थांबा.” दहा मिनिटं! मी आयुष्यात दहा मिनिटं एवढी मोठी बघितली नाहीत. एक रेघ उमटली. मी दुसरीच्या जागेकडे बघतोय. एकदा मला ती दिसलीसुद्धा! “पोरी, दुसरी!” “काका, तो तुमच्या चष्म्यावरचा ओरखडा आहे.” चष्मा काढला, पुसला, घातला, काढला. टोपलीत हात घातला तर त्यानं माझं बोट चाटलं, कोरड्या जिभेनं. म्हटलं, देवा, माझी सगळी अक्कल घे, नाहीतरी ती मेंढ्यांचीच आहे, ह्याला तेवढं ठेव.

एकच रेघ. बेस्मा म्हणाली, “एकच.” मी पुन्हा विचारलं. पुन्हा म्हणाली, “एकच.” चौथ्यांदा म्हणाली, “काका, खुर्चीवर बसा, नाहीतर तुम्हालाच सलाईन लावावं लागेल.”

तीन दिवस सलाईन. सकाळी नेऊन सोडायचा, दुपारच्या आत घरी आणायचा. जंताचं औषध, पंधरा दिवसांनी परत एकदा. आणि घरी काय करायचं ते तिनं बोट नाचवत सांगितलं, “लसूण नाही! तेल नाही! दूध नाही! माणसांच्या गोळ्या तर अजिबात नाहीत! मी देते ती पुडी पाण्यात घालायची, बिनसुईच्या सिरिंजनं गालाच्या कडेनं, थोडं थोडं, दर पंधरा मिनिटांनी. घशात ओतायचं नाही, गुदमरेल. ओकला नाही तर मग कोंबडी उकडून, भातात कालवून, चमचाभर.” मोंजियाला सांगितलं. “कोंबडी? हरीसाचं तिखट न घालता? मीठ नाही? हे कोण खाईल?” आणि उकडलीन की! बडबडत उकडलीन, बडबडत हाडं काढलीन, एकेक, चिमटीनं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला बसल्या बसल्या डुलकी लागली. दचकून उठलो, म्हटलं पंधरा मिनिटं गेली! अंगणात बघतो, पिल्लू नाही. टोपली नाही. आणि आतून आवाज. आतून! उंबरठ्याच्या आतून! “गिळ रे मेल्या, गिळ. शहाणा तो. असा. तुझ्या त्या मेंढेवाल्याला काही कळत नाही, तू माझं ऐक.” माझी मोंजिया, स्वतःच्या गादीवर, मांडीत तो, हातात सिरिंज. मला बघितलं आणि म्हणाली, “काय बघताय? बाहेर ऊन होतं.” मी अंगणाकडे बघितलं. बाहेर ढग होते.

तिसऱ्या दिवशी तो स्वतःहून पाणी प्यायला आणि ते पोटात राहिलं. पाचव्या दिवशी भात. आज चप्पल! पोट आत गेलंय, बरगड्या हाताला लागतात. बेस्मा म्हणते, अशाच लागायला हव्यात. मी दाबून बघितल्या, मला आवडल्या नाहीत, पण मी गप्प बसलो. चाळीस वर्षं मेंढे निवडले, तरी गप्प बसलो.

आणि परवा ईदचा बाजार होता. गल्लीतल्या पाच घरांचे मेंढे आणायचे होते, तेही मीच निवडायचे, एवढी अब्रू अजून शिल्लक आहे. शाद्लीची पिकअप. आता बेस्माचा हुकूम आहे, लस पुरी होईपर्यंत मक्रूदचा पाय रस्त्यावरच्या मातीला लागायचा नाही. घरी ठेवावा तर औषधाची वेळ. मग तो मोंजियाच्या मांडीवर, मोंजिया पुढच्या सीटवर, शाद्ली चालवायला. पुढं दोनच माणसांची जागा. मी म्हटलं, “आणि मी?” मोंजियानं मागं बोट दाखवलं. जाताना ठीक होतं हो, मागं मोकळं होतं. येताना पाच मेंढे, आणि पाच मेंढ्यांमध्ये मी, उभा, दोन्ही हातांनी दोन शिंगं धरून. मोठ्या मशिदीच्या चौकात कुणीतरी ओरडलं, “लारुसी काका! यंदा तुम्हाला कुणी निवडलं?”

पुढच्या खिडकीतून तो डोकं बाहेर काढून वारा खात होता. मी म्हटलं, “तो बघ, पुढं बसलाय.”