नव्वद हजारांत चार

नाही, पण मी काय म्हणतो, मोजायचं तर मोजा, पण मोजून तो कागद तिथल्या टेबलावर कशाला ठेवायचा हो, जिथे माणूस तीन-तीन तास नंबराची वाट बघत बसतो आणि हाताला लागेल ते वाचत सुटतो?... आमच्या उज्ज्वलचं सांगतोय. उज्ज्वल रामटेके, नागपूरचा. जर्मनीत येनाला भिंगांच्या प्रयोगशाळेत संशोधन करतो, पण येनात घर परवडेना म्हणून राहायला रेल्वेने पंचवीस मिनिटं लांब, शेजारच्या जिल्ह्यात. जिल्हा म्हणजे तिथलं लांडक्राइस हो, आकाराने आपला तालुकाच! साल दोन हजार चार. व्हिसा वाढवायला परदेशी लोकांच्या कचेरीत नवरा, बायको आणि सहा वर्षांची निधी बाकड्यावर बसलेत, आणि यामिनीच्या हाताला लागलं जिल्ह्याचं माहितीपत्रक. लोकसंख्या नव्वद हजार. त्यात परदेशी चौदाशे. व्हिएतनामी दोनशे तीस, रशियन एकशे नव्वद, मग युक्रेनी, पोलिश, तुर्की, इराकी... आणि खाली, अगदी पायथ्याशी, भारत : चार.

"अहो, चार कसे? आपण तर तीनच आहोत!"

झालं! नव्वद हजारांत चार, तुम्हाला सांगतो, आणि त्यातला एक बेपत्ता!

आता हे मोजतात कसं, तर पासपोर्ट बघून. रंग नाही विचारत, वंश नाही विचारत. त्या देशात एकेकाळी असं विचारून काय झालं ते सगळ्या जगाला ठाऊक आहे, त्यामुळे आता पासपोर्ट दाखवा, एक आकडा वाढवा, विषय संपला. उज्ज्वलला हे फार आवडायचं. म्हणायचा, "पहिला देश भेटला बा, जिथं आडनाव विचारतात ते फक्त स्पेलिंगसाठी!"

पण यामिनीला चैन पडेना. खिडकीवर गेली, तिथे फ्राऊ सायडेल, चष्मा नाकाच्या टोकावर. "हा चौथा माणूस कोण हो?" तर बाईंनी दोन्ही तळवे वर केले, "नाइन, नाइन, फ्राऊ रामटेके! डाटेनशुत्झ!" म्हणजे माहितीची गुप्तता. नाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही, बाई की बुवा तेही सांगायचं नाही!

तुम्ही म्हणाल, कशाला एवढी उठाठेव? अहो, तीन वर्षं झाली होती त्या पोरीला तिथे! वर्ध्याची मुलगी, मराठीत एम.ए. केलेली, आणि तीन वर्षांत नवरा सोडला तर कुणाशी मराठीत धड भांडली नव्हती! मुलीशी मराठीत बोलावं तर मुलगी जर्मनमध्ये उत्तर देते. घरी फोन लावावा तर ते फोनकार्ड, आई रडायला लागली की नेमकं संपतं. नव्वद हजारांत चार, आणि तिला त्या चौथ्याची अशी आस लागली... जणू माहेरचंच कुणी हरवलंय.

आणि सापडलं की! कुठे? व्हिएतनामी बाईच्या भाजीच्या दुकानात! शनिवारची सकाळ, यामिनी मिरच्या निवडतेय, आणि मागून आवाज, "कोथिंबीर म्हणायची का ही? गवत आहे नुसतं, गवत!" शुद्ध मराठीत हो! यामिनीच्या हातातल्या मिरच्या खाली. वळून बघते तर सत्तरीच्या बाई, अंगात लांब कोट, पायात बूट, कपाळाला बारीकशी टिकली. विभावरीबाई. माहेरच्या पुण्याच्या लिमये. साठ-पासष्ट साली शिकायला ड्रेस्डेनला आल्या, तिथल्याच इंजिनिअरशी लग्न केलं, त्याच्या नोकरीपायी या गावात आल्या, तो वारला, मूलबाळ नाही, पण पासपोर्ट मात्र बदलला नाही. यामिनी तर दुकानातच रडायला लागली. बाईसुद्धा विरघळल्या. "अगं वेडे, रडतेस काय? उद्या चहाला या सगळे. पोहे करते."

दुसऱ्या दिवशी तिघं गेले. निधीला नवा फ्रॉक, उज्ज्वलला इस्त्रीचा शर्ट. टेबलावर पातळ, निळ्या नक्षीच्या कपबश्या मांडलेल्या, पोह्यांवर खोबरं, आणि बाईंचं मराठी कसं, तर चाळीस वर्षांपूर्वीचं तसंच्या तसं मुरवलेलं. चहा ओतला. निधीने कप हातात घेतला. आणि मग...

"कुठले हो तुम्ही?"

"नागपूर."

"नागपुरात कुठे?"

"इंदोरा."

"अस्सं... आणि आडनाव?"

"रामटेके."

"रामटेके म्हणजे?"

"म्हणजे रामटेकेच."

मग बाई उठल्या. "हे कप फार नाजूक हो, ह्यांच्या आईचे," असं म्हणत त्यांनी एकेक कप उचलला, उज्ज्वलच्या समोरचा, यामिनीच्या समोरचा, निधीच्या तर हातातला... आणि आतून जाड मग घेऊन आल्या. स्वतःचा कप होता तिथेच राहिला. बोलली ती निधी. खणखणीत जर्मनमध्ये, "पापा, वारुम? तिने कप का काढून घेतला? मी कुठे सांडलं?"

नव्वद हजारांत चार! त्या अख्ख्या लांडक्राइसात चारच माणसं, आणि त्या चारांतही एक रेघ मारून दाखवली बाईने!

घरी जाताना चढाचा रस्ता, आणि पोरगी सारखी, वारुम, पापा, वारुम? आता हा बाप कोण? तर प्रकाशाचा किरण कुठल्या भिंगातून कुठे वळेल ते दशांशात सांगणारा! पण पोरीला काय सांगितलं? म्हणाला, "ते कप नाजूक होते, बेटा." आणि तिथेच त्याला कळलं की त्या बाईचं खोटं आता त्याने आपल्या तोंडाने आपल्या मुलीला सांगितलं. मला म्हणाला, "उल्हास, ते जाड मग पाहून काही वाटलं नाही बा. असे मग आम्ही पाहिलेत. पण मी तिची बाजू सावरली रे!" तो सल मोठा. त्यानंतर यामिनीने त्या दुकानात जायचं सोडलं. गवत तर गवत, म्हणे, सुपरमार्केटचं खाऊ.

मग आला फेब्रुवारी. बर्फ गुडघाभर. आणि एका दुपारी उज्ज्वलला प्रयोगशाळेत फोन, कुणाचा? फ्राऊ सायडेलचा! "हेर रामटेके, ते... तुमच्या मिसेस त्या दिवशी विचारत होत्या ना, चौथी व्यक्ती..."

"डाटेनशुत्झ!" उज्ज्वल म्हणाला. त्याला राहवलंच नाही.

"हो, हो, खरंय, पण ऐका. त्या बाई इस्पितळात आहेत. अर्धांगवायू. जर्मन सगळं पुसलं गेलंय. डोळे उघडे, बोलतात, पण कुणाला एक अक्षर कळत नाही. मला इस्पितळाने विचारलं, आणि माझ्या यादीत दुसरं कोण आहे?"

उज्ज्वल म्हणाला, "मी नाही येणार. दुसरा दुभाषा पाहा." माझं मत विचाराल तर बरोबर म्हणाला!

फ्राऊ सायडेल म्हणाली, "ठीक आहे. मग एवढंच सांगा. त्या सारखं एकच म्हणतात, पानी, पानी. नर्सना वाटलं पोलिश असेल, पोलिशमध्ये पानी म्हणजे बाईसाहेब, म्हणून एका पोलिश नर्सला बोलावलं. ती दोन दिवस त्यांचा हात धरून बसलीय. तरी रडतात. पानी म्हणजे कुणाचं नाव आहे का, हेर रामटेके?"

दोन दिवस! सलाईन चालू होतं, मान्य, पण घशाची कोरड सलाईनने जाते का हो? उज्ज्वलने फोन खाली ठेवला आणि कोट घातला. बाहीत हात कुठला, गुंड्या कुठल्या, काही भान नाही.

खाटेशी पोचला. नर्सला सांगितलं, पाणी म्हणजे वासर. ती पोलिश पोरगी तोंडावर हात ठेवून मटकन खालीच बसली. बाईंना ठसका लागायचा म्हणून जरा घट्ट केलेलं पाणी, वाटीत, चमच्याने द्यायचं होतं. नर्स द्यायला लागली तर बाई दात मिटून बसल्या. भेदरल्या होत्या हो, कोण काय घालतंय तोंडात कळेना! मग उज्ज्वलने चमचा घेतला. बाईंची एक बाजू लुळी, एक डोळा त्याच्यावर.

"कोण?"

तो काहीही सांगू शकला असता, शेजारी म्हणाला असता, यामिनीचा नवरा म्हणाला असता. म्हणाला, "रामटेके. इंदोऱ्याचा. हे पाणी आहे."

बाईंनी डोळे मिटले. आणि मग तोंड उघडलं. अकरा चमचे. अकराव्यानंतर म्हणाल्या, "अजून."

तुम्हाला वाटेल, आता काहीतरी मोठं घडलं, बाई रडल्या, पाया पडल्या... काही नाही! वाटी संपली, बाई झोपल्या, उज्ज्वल साडेपाचची गाडी पकडून घरी.

पण जायला लागले दोघंही. तो कामावरून येताना, यामिनी सकाळी. जर्मन काही परत आलं नाही, मराठी मात्र रोज थोडं थोडं वाढलं, आणि कसलं मराठी, तुम्हाला सांगतो! पेज पातळ, उशी टणक, वेणी सैल... यामिनीही ऐकून घेते की काय? कडाकडा भांडायच्या दोघी. वॉर्डातल्या नर्सा दारात उभं राहून बघायच्या. एकदा बाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं. "त्या दिवशी... ते... मी..." आणि पुढचा शब्द आला नाही. आजाराने येऊ दिला नाही, की त्यांनीच आणला नाही, हे यामिनीला आजही ठरवता येत नाही. ती म्हणाली, "राहू द्या, आजी." आणि निधी? तिला उज्ज्वलने एका रविवारी समोर बसवून सगळं खरं सांगितलं, आडनाव म्हणजे काय इथपासून. पोरीने ऐकून घेतलं, म्हणाली, "दास इस्ट डूम." हा मूर्खपणा आहे. बस, चार पिढ्यांचा निकाल तीन शब्दांत!

एप्रिलमध्ये बाई गेल्या. सकाळी नवाला, झोपेत. नव्वद हजारांत आता तीन. आणि इस्पितळातली एक नवी, तरुण नर्स कागद घेऊन आली, मृताशी नातं काय, तिथे रकाना.

"तुम्ही नातेवाईक?"

"नाही."

"मग ओळखीचे?"

ओळख होती की नव्हती?

नर्स बिचारी भल्या मनाची. हळूच म्हणाली, "म्हणजे तसं नातं नसेल, पण तुम्ही आणि त्या, एकाच लोकांतले ना? तुमच्यात सगळे एकच ना?"

आता तिला काय सांगायचं, आणि सुरुवात कुठून करायची, आणि त्या रकान्यात जागा किती, तर जेमतेम दोन बोटं... उज्ज्वलने एकदा खाटेकडे पाहिलं, एकदा त्या पोरीकडे, आणि म्हणाला, "गेनाऊ. अगदी बरोबर. लिहा."