बेवारस हा शब्द खोडून

घटना: रविवार, दि. ९ फेब्रुवारी २०२५, सकाळी १० वाजून ४० मिनिटे.
जबाब: मंगळवार, दि. ११ फेब्रुवारी २०२५.

मी, शैला गजानन मांजरेकर, वय ६९ वर्षे, सेवानिवृत्त टेलिफोन ऑपरेटर, राहणार पालव चाळ, पहिला मजला, खोली क्र. १४, चिंचपोकळी, समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते.

आमच्या जिन्याखाली चिंगी नावाची तपकिरी कुत्री आठ वर्षांपासून राहते. तिची नसबंदी झालेली आहे. ती आजवर कोणाला चावलेली नाही. मी तिला पाळलेले नाही. रोज सकाळी ती मला दूध केंद्रापर्यंत सोडते व परत आणते.

घटनेच्या वेळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. तळमजल्यावर चहाचे दुकान चालवणारे हितेंद्र राऊळ यांनी पायरीला नव्या लाद्या बसवल्या आहेत. त्यावर चिंगी झोपली होती. राऊळ उकळत्या पाण्याचे पातेले घेऊन बाहेर आले. पायरीवर त्यांच्या चपला होत्या. त्या त्यांनी पायाने बाजूला सारल्या आणि मग पाणी चिंगीच्या तोंडावर ओतले. पाणी चुकून सांडले असे ते म्हणतात. चुकून सांडणारा माणूस आधी चपला बाजूला सारत नाही.

मी खाली जाऊन जाब विचारला. ते म्हणाले, "काकी, रस्त्यावरचं कुत्रं ते. तुमच्या बापाचं आहे काय?" मी म्हटले, "बापाचं नाही. माझे वडील असते तर तुला बोलायची वेळ माझ्यावर आली नसती."

कोपऱ्यावर फुले विकणाऱ्या बाईंनी हा प्रकार पाहिला. त्या मला म्हणाल्या, "बाय, मिया बघितलंय. पन माझा नाव घालू नको, माका हयच बसूचा आसा." म्हणून नाव घालत नाही.

मी चिंगीला टॅक्सीने परळला जनावरांच्या रुग्णालयात नेले. तीन टॅक्सीवाले थांबले नाहीत, चौथा थांबला. डॉक्टरांनी डावा डोळा गेल्याचे लेखी दिले आहे. तेथील फॉर्मवर मालकाचे नाव विचारले होते. मी माझे लिहिले.

आज पोलीस ठाण्यात शिपाई श्री. वाघ म्हणाले, "आडनाव मांजरेकर आणि तक्रार कुत्र्याची?" त्यांच्या छातीवरची पाटी मी आधीच वाचली होती, तरी मी काही बोलले नव्हते. हवालदार रुपाली गुरव यांनी मला पाणी दिले व त्या म्हणाल्या, "आजी, एन.सी., म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून घेते, दोघांनाही समज देते." मला समज आहे, चिंगीलाही आहे. एकालाच द्यावी लागेल.

त्यानंतर जबाबात "बेवारस कुत्र्यास इजा" असे लिहिले गेले. मी हरकत घेतली. गुरव यांनी विचारले, "मग तुम्ही मालक का?" मी नाही म्हटले. "मग बेवारसच ना, आजी?"

भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५ व प्राण्यांच्या छळाविरुद्धचा १९६० चा कायदा मी छापून आणला आहे. कॉन्व्हेंटमध्ये शिकले असले तरी मराठी प्रतच आणली, म्हणजे कोणाची अडचण नको. प्राणी कोणाचा, असे त्यात कोठेही विचारलेले नाही. प्राण्याला अधू केले का, एवढेच विचारले आहे. केले आहे.

माझ्या पेन्शनच्या कागदांवर वारसाच्या रकान्यात रेघ आहे. उद्या माझ्या तोंडावर कोणी उकळते पाणी ओतले, तर बेवारस म्हातारीस इजा असे लिहिणार का, हे मी विचारले. गुरव यांनी तो शब्द खोडला व बाजूला स्वतःची सही केली. त्या जागी "चिंगी नावाची कुत्री, राहणार पालव चाळ" असे लिहिले.

चिंगीला बुधवार, दि. १९ रोजी रुग्णालयातून सोडणार आहेत. ती त्याच जिन्याखाली परत येईल, कारण तिला दुसरे घर माहीत नाही. त्या पायरीवरून तिला एका डोळ्याने जावे लागेल. म्हणून राऊळ यांच्यावर गुन्हा नोंदवला किंवा का नोंदवला नाही, याचे लेखी उत्तर मला मंगळवार, दि. १८ फेब्रुवारी, सायंकाळी ५ पर्यंत मिळावे. तोंडी निरोप चालणार नाही. एकतीस वर्षे मी लोकांचे तोंडी निरोप जोडून दिले आहेत, त्यांचे पुढे काय होते ते मला ठाऊक आहे.

हा जबाब मला वाचून दाखवू लागले होते. मी तो मागून घेऊन चष्मा लावून स्वतः वाचला. एक शब्द खोडलेला आहे, तो माझ्या सांगण्यावरून. बाकी बरोबर आहे.

सही/-
शैला ग. मांजरेकर