मंगळवारचे हादरे

— नाही नाही, बसूनच ऐका. उभ्या राहिलात तर परत भोवळ येईल, खालच्या सपाटीवरच्या सांताक्रूझहून इथे उंच पठारावर आलेल्या सगळ्यांचं असंच होतं. कोकाच्या पानांचा चहा आहे तो, उंचीच्या भोवळीवर उतारा, कडू लागला तरी संपवा — तर काय म्हणत होता, जमिनीचे हादरे मोजणाऱ्या तुमच्या यंत्राने हादरे टिपले? दुपारचे? आणि तुमचे मोठे साहेब खूश, म्हणतात खालची उष्णता वर सरकतेय, पठार उचललं जातंय, आणि उद्या गावसभेत तुम्ही तेच सांगणार? इंजिनियरबाई, नका हो सांगू. का म्हणजे — अहो, सगळं गाव यंत्राचं ते खोपट बघायला धावेल.

तुमचं शास्त्र मला पटतं हो. मागच्या खेपेला इथेच चुलीपाशी बसून सांगितलंत ना — समुद्राचा तळ तिकडे किनाऱ्यापाशी जमिनीखाली घुसतो, उतरत उतरत आपल्या पायाखाली येतो, मग वरचा खडक तापतो, मऊ पडतो, जमिनीच्या पोटाला लटकलेलं जड ओझं तुटून खाली जातं, त्या जागी ऊन ऊन खडक वर चढतो आणि जमीन उठते — पाठीवरचं पोतं उतरवलं की आमचं ओझ्याचं जनावर, लामा, उठतो तशी. मी गावभर सांगत सुटलेय. शाळेत आम्हाला दरवर्षी रडवायचे, चिलीने लढाईत आपल्या देशाचा किनारा घेतला, आपला समुद्र नेला म्हणून, आणि समुद्र बघा, गुपचूप खालून आपल्याकडेच येतोय. मी इतकी हसले, इतकी हसले, की जाऊबाई म्हणाली, एउलालिया, अंगावर काळे कपडे आहेत, जरा भान ठेव.

हां, काळे कपडे. नवरा गेला ना माझा. चांगला होता बिचारा, पण कधी नाचला नाही. वर्षाची प्रार्थना होईपर्यंत बाईने काळं उतरवायचं नाही, पाय हलवायचा नाही — आमच्यात तसंच आहे. आणि प्रार्थना झाली की लगेच जत्रा. आता तुम्हीच सांगा, वर्षभर आखडलेले गुडघे एकदम सुटतील का? मोरेनादा, आमचा जत्रेतला नाच, नाचायची म्हणजे पाय आपटावे लागतात, चांगले दणदण. घरात नाचावं तर शेजारी कान लावून बसलेले. मग उरलं काय? तुमचं खोपट. भिंती जाड, यंत्राला धक्का नको म्हणून तिथे कुणी फिरकायचं नाही असं सभेनेच ठरवलेलं, किल्ली सांभाळायला माझ्याकडे. यंत्र तर खड्ड्यात झाकलेलं, त्याला काय कळतंय, असं वाटलं आम्हाला.

आम्हाला म्हणजे — मला. मला वाटलं.

दोन माणसांची पावलं दिसतात? एवढंही कळतं त्याला? बरं बाई. इलारिओ. तो लामावाला, विधुर आहे, तोंडाने ढोल वाजवतो आणि स्वतःच हसतो. या वयात असं होतं का हो कुणाला? मी बटाटे सोलताना हसते, झोपेत हसते, कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवतच नव्हतं. जत्रेत सगळ्यांसमोर मला मागणी घालणार आहे तो. तोवर कुणाला कळलं की काळ्या कपड्यांत नाचले, तर माझी छी-थू होईल आणि सासरचे त्याला दारात उभं करणार नाहीत. म्हणून म्हणते, यंत्र बिघडलं होतं म्हणा. म्हणाल ना?

हसलात. म्हणजे म्हणाल. द्या तो यंत्राचा कागद, बघू तरी आमचा नाच कसा दिसतो. ही उंच रेघ त्याचीच, डावा पाय जोरात आपटतो तो, सांगून सांगून थकले. या बारक्या माझ्या. हा गुरुवार, आमचा नाचाचा दिवस, हा पुढचा गुरुवार, आणि हा — मंगळवार? मंगळवारी कसं असेल, मंगळवारी मी खाली बाजाराला असते, चीज विकायला. किल्ली त्याच्याकडे ठेवून जाते. दर मंगळवारी? हा डावा पाय त्याचाच. आणि या बारक्या — या कुणाच्या?

तुमचा तो खालचा समुद्र मंगळवारी सरकतो का हो?

सरकत असेल. बसत असेल शास्त्रात. नाही, काही बोलू नका. चहा राहू द्या तिथेच. उद्या सभेत खुशाल सांगा, उष्णता आहे म्हणा, पठार उठतंय म्हणा, सगळ्यांना घेऊन जा खोपटाकडे. परवाच न्या. परवा मंगळवार आहे. निघा आता.