डिसेंबरची शेवटची तपासणी

(टेक्सासमधलं एक लहान गाव. ऑगस्टमधली सकाळ, नऊच्या आसपास. लिडियाबाईंच्या घराचा व्हरांडा.)

लिडियाबाई : कॉफी झाली, जर्दाळू भरलेला कोलाचे पाव खाऊन झाला, चर्चच्या नव्या छपराची चौकशी झाली. नमनाला घडाभर तेल घालून झालं, एमिल. आता आलास कशाला ते सांग.

एमिल : सहजच, बाई. गाडी कशी चाललीय, म्हटलं विचारावं.

लिडियाबाई : झकास चाललीय. गिऱ्हाईक शोधत हिंडतोयस होय? सरकारनं गाड्यांची दरवर्षीची तपासणी बंद केली, गॅरेजात माशा मारायची पाळी आली, म्हणून म्हाताऱ्यांची दारं वाजवतोयस. चौथीत होतास तेव्हाही गृहपाठ नसला की असाच खाली बघत बसायचास माझ्यापुढे.

एमिल : धंद्यासाठी नाही आलो. खरंच.

लिडियाबाई : आलास तरी उपयोग नाही. मी सुटले एकदाची. दर डिसेंबरात तुझ्याकडे तासभर बसा, तू खोट काढणार. एका वर्षी वायपर, एका वर्षी टायर. तपासणीचे साडेसात डॉलर मात्र नोंदणीच्या वेळी सरकार अजून घेतंच. पैसे घेतात, गाडी तेवढी कुणी बघत नाही.

एमिल : गाडी दिसत नाहीये, बाई.

लिडियाबाई : टेसा घेऊन गेली. नातीला देऊन टाकली मी. लबकला कॉलेज आहे ना तिचं. काल चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलं की. तू कुठे होतास? हल्ली दिसतच नाहीस.

एमिल : घेऊन गेली? शनिवारी निघणार होती ना? हार्डवेअरच्या दुकानात तसं म्हणत होते.

लिडियाबाई : खोली लवकर मिळाली. आज साडेसहाला निघाली. का रे, तोंड का उतरलं तुझं?

एमिल : तिला फोन लावा. आधी लावा.

लिडियाबाई : गाडी चालवताना ती उचलत नाही. मीच शपथ घातलीय. वाटेत फ्रेडरिक्सबर्गला पेट्रोल भरायला थांबली की करेल. पण झालं काय?

एमिल : लावा तरी.

लिडियाबाई : वाजतोय. नाही उचलत बघ. टेसा, आजी बोलतेय. थांबशील तिथून मला फोन कर. माझ्याशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. झालं. आता बोल.

एमिल : पुढचं डावं चाक. ते ज्या सांध्यावर वळतं ना, तो बॉल जॉइंट झिजलाय. चाक धरून हलवलं तर खुळखुळ हलत होतं. डिसेंबरातच.

लिडियाबाई : डिसेंबरात तर तू गाडी पास केलीस.

एमिल : केली.

लिडियाबाई : न बघता?

एमिल : बघून. तुमचे यजमान, अल्फॉन्सकाका, जाऊन दोनच दिवस झाले होते. तुम्ही काळा कोट घालून माझ्या ऑफिसात बसला होतात. पाहुण्यांना विमानतळावरून आणायचं होतं, दफनाची तयारी होती, त्यात नोंदणी संपत आलेली. तो भाग यायलाच चार दिवस लागले असते. मला नाही म्हणवेना. म्हटलं, हे एवढं पार पडू दे. जानेवारीत बोलावून घेऊ, फुकट बसवून देऊ.

लिडियाबाई : जानेवारीत तू बोलावलं नाहीस.

एमिल : नाही. एक तारखेला कायदाच गेला. हाताखालची दोन माणसं कमी करावी लागली, माझंच मला सुचेना. आणि सवय, बाई. सत्तावीस वर्षं, बारीकसारीक काही दिसलं की म्हणायचं, पुढच्या डिसेंबरात बघू. गाडी परत येणारच, ही खात्री. आता कुठलीच गाडी आपणहून परत येणार नाही, हे डोक्यात शिरायला वेळ लागला. तुमची गाडी मला मार्चमध्ये आठवली.

लिडियाबाई : मार्चमध्ये? आणि आज ऑगस्ट आहे?

एमिल : दर रविवारी ठरवायचो, आज सांगायचं. पण गाडी आणा म्हणायचं तर खोटी सही केली हे आधी सांगावं लागणार. जीभच उचलायची नाही. मग तुम्ही समोर दिसू नये म्हणून चर्चलाच यायचं सोडलं.

लिडियाबाई : म्हणजे तुझी अब्रू राहावी म्हणून पाच महिने मी चार म्हाताऱ्यांना त्या गाडीतून डॉमिनोचा डाव खेळायला नेत होते. त्यांच्या घरी काय तोंड दाखवलं असतंस?

एमिल : रोज तेच मनात यायचं.

लिडियाबाई : मनात येऊन काय उपयोग. त्या सांध्याचं काय होतं, ते सांग. निखळतो?

एमिल : गावातल्या गावात, तीसच्या वेगानं, निभून जातं. फ्रेडरिक्सबर्गच्या पुढे ताशी पंच्याहत्तर मैलांनी धावायचा रस्ता आहे. तिथे निखळला तर चाक मोडून आत जातं. गाडी हातात राहत नाही.

लिडियाबाई : गप्प बस. पुढचं बोलू नकोस. तिच्या आईला मी काय सांगणार होते रे? तू माझ्या हाताखालून गेलेला मुलगा म्हणून डोळे झाकून विश्वास टाकला तुझ्यावर. मी तुला कधीही माफ करणार नाही, एमिल.

एमिल : नका करू.

लिडियाबाई : थांब, तिचाच फोन. टेसा? कुठे आहेस?

टेसा : फ्रेडरिक्सबर्गला, पेट्रोल भरतेय. केवढं घाबरवलंस, आजी. काय झालंय?

लिडियाबाई : गाडी हलवू नकोस. एमिल बसलाय इथे, स्पीकर लावते. सांग रे तिला. तुझ्या तोंडानं सांग.

एमिल : टेसा, गाडीचं डावं चाक धोक्याचं आहे. मला डिसेंबरातच कळलं होतं, तरी मी पास केली. चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही. किल्ली काढून खिशात टाक. मी ट्रक घेऊन निघतो, गाडी त्यावर चढवू. तुला लबकला मी सोडीन.

टेसा : तरीच. वळताना कटकट वाजतं, ते त्याचंच का? मी उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीला म्हटलं होतं, काहीतरी वाजतंय. ती म्हणाली, एमिलनं पास केलीय, काही होत नाही.

एमिल : बाई?

टेसा : मग मी आता इथेच थांबू?

लिडियाबाई : हो, बाळा. आत सावलीत जाऊन बस. काहीतरी खा. ठेवते.

एमिल : तुम्हाला ऐकू येत होतं?

लिडियाबाई : एप्रिलपासून.

एमिल : मग आणली का नाहीत?

लिडियाबाई : आधीसारखं असतं तर डिसेंबरात तुझ्या दारात यावंच लागलं असतं. आता कुणी विचारणार नाही म्हटल्यावर मीही स्वतःला विचारलं नाही. तू गाडी ठेवून घेतली असतीस, मोठा खर्च सांगितला असतास. टेसाला तर गाडी कबूल करून बसले होते. ती म्हणाली, वाजतंय, तेव्हा मी रेडिओ मोठा केला.

एमिल : तुम्हाला त्यातलं काय कळणार, बाई. ते माझं काम होतं.

लिडियाबाई : आवाज कळत होता. मघापासून तुला एवढं बोलले, तेव्हाही ओठावर आलं होतं. गिळलं मी.

एमिल : तुम्ही बसा. मी ट्रक घेऊन निघतो.

लिडियाबाई : मीही येते. तिला हे फोनवर नाही सांगायचं मला. हात दे जरा, एमिल. उठवत नाहीये.