‘नको’ म्हणजे किती डबे?

...आणि तिघांचं तीन, तुम्हाला सांगतो! एकाला विचारावं तर तो म्हणतो काका, कमांडलाइन. दुसरीला विचारावं तर ती म्हणते काका, एपीआय. आणि तिसरा हसून म्हणतो ते दोन्ही जुनं झालं काका, आता एआय... अरे बाबांनो, मी विचारलं काय होतं? सुरेखाच्या, म्हणजे आमच्या हिच्या, हातातला फोन सुटेल कसा, एवढंच. तक्रार नाही हं माझी. उपकारच आहेत पोरांचे.

डब्लिनमधल्या क्लोनडॉकिनचं आमचं दुकान तुम्हाला माहीत असेलच, नसेल तर या, चहा पाजतो. गाडीच्या डिकीतून पोहे विकत सुरुवात केलेला मी माणूस, कॉम्प्युटर शिकलो तो बिघडवून बिघडवून. पण दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी येतात व्हॉट्सॲपवर, आणि त्या वाचणं म्हणजे... तुम्हीच पाठवता, तुम्हाला काय सांगू! ‘काकू, नेहमीचं.’ आता नेहमीचं म्हणजे काय? ‘ताई, मागच्यासारखंच, पण चिवडा बेताचा तिखट, सासूबाई आल्यात.’ मध्येच कुणाच्या तरी बाळाचा फोटो, आणि त्याखाली ‘लाडू वाढवा.’ हे सगळं कळतं फक्त सुरेखाला. एका हातात झारा, एका हातात फोन. गेल्या दिवाळीत तो फोन चकलीच्या कढईत पडता पडता राहिला, आणि बाईसाहेबांनी गॅस बंद करून शांतपणे सांगितलं, “अहो, पुढच्या दिवाळीत हा फोन माझ्या हातात दिसला, तर फराळ बंद. कायमचा.”

आता फराळ बंद म्हणजे काय, कळलं का? चकलीला आलेला माणूस जाताना तूरडाळ नेतो. फराळ बंद म्हणजे अर्धं दुकान बंद!

म्हणून मी ही तीन पोरं धरली. तिघं चेरीवूडच्या आयटी कंपन्यांत नोकरीला, एकाच घरात राहतात, शनिवारी आमच्याकडे मिसळ खायला येतात. मी दुकानदार माणूस, नमुना बघितल्याशिवाय माल घेत नाही. म्हटलं दाखवा एकेक.

पहिला अद्वय. त्यानं काळी खिडकी उघडली, पांढरी अक्षरं. “काका, इथं एक ओळ टाइप करायची. सगळी लेबलं छापून तयार. ही कधी चुकत नाही.” खरंच चुकत नाही हो! चुकतो मी. भाजणीचं बोट लागून कुठेतरी एक टिंब जास्त पडलं, आणि प्रिंटर सुरू झाला तो थांबेचना... कुणा एका सारंग साहेबांच्या नावाची लेबलं, रोल संपेपर्यंत. अद्वय म्हणाला, “काका, तुम्ही सांगितलंत तेच तिनं केलं.” हे बरं आहे, म्हणजे सांगणाऱ्यालाच शहाणपण हवं. तक्रार नाही हं माझी. उपकारच आहेत.

दुसरी ज्ञानदा. तिची शिस्त मोठी. “काका, एपीआय म्हणजे बँकेतली खिडकी समजा. ठरलेल्या रीतीनं मागितलं की ठरलेलंच मिळणार. गिऱ्हाईक वेबसाइटवर आकडे भरेल, ते थेट तुमच्या स्टॉकमध्ये, तिथून कुरियरकडे. मध्ये माणूसच नको.” उत्तम! पटलं मला. फक्त आपली माणसं आकडा भरतात का हो? त्या चौकोनापाशी आली की फोन. “काकू, इथं किती लिहू?” अहो, खाणार तुम्ही! एका बाईंना तर राग आला, म्हणाल्या, घरच्यांना फॉर्म भरायला लावता? झालं, फोन परत सुरेखाच्या हातात, आणि तिची नजर माझ्यावर.

मग हृषीकेश. तो खुर्ची ओढून असा बसला, जसा मुलगी बघायलाच आलाय. “काका, हा असिस्टंट. माणसासारखं वाचतो. जुने मेसेज दाखवले की ‘नेहमीचं’ म्हणजे काय, तेसुद्धा समजतो.” आणि समजला की! चिवडा कमी तिखट, सासूबाई, लाडू वाढवा, सगळं. बाळाला ‘किती गोड’ असंसुद्धा लिहिलं त्यानं. मी म्हटलं ठरलं, हाच. स्वच्छ यादी यायची, तेवढाच फराळ सुरेखा करायची, दोन्ही हातांनी. गात होती हो स्वयंपाकघरात! लग्नानंतर मी पहिल्यांदा ऐकलं.

आणि मग गाडी भरायचा दिवस आला.

लांब स्लायगो गावाला जाणारी गाडी आमच्या आयरिश ड्रायव्हरची, डर्मटची. दारात उभा, डबे चढवतोय, आणि सुरेखा बाहेर आली. “अहो, शुभदाचे डबे कुठेत?” शुभदा म्हणजे तिथल्या हॉस्पिटलातली डॉक्टर. तिकडच्या सगळ्या मराठी घरांचा फराळ तीच एकत्र मागवते. दिवाळीत ड्युट्या, कुणाला डब्लिनला यायला जमत नाही. मी स्क्रीन बघितला. ‘रद्द. ग्राहकाने नको सांगितले.’

सुरेखानं मेसेज वाचायला घेतला, “‘ताई, यंदा राहू दे हो आमचं, तुम्हाला कशाला उगाच एवढा त्रास, आम्ही करू इथेच काहीतरी.’” आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “हे नको आहे होय? ही तर मोठी ऑर्डर आहे!”

मी म्हटलं अगं, लिहिलंय ना स्वच्छ. तिनं सरळ फोन लावला, स्पीकरवर.

“शुभदा, तुमच्या फराळाचं काय गं?”

“अहो नको ताई, खरंच. किती करणार तुम्ही!”

“शुभदा, किती डबे?”

“मागच्याएवढेच द्या. आणि अनारसे असतील तर बघा. निघाली का गाडी?”

डर्मटला मी हे इंग्रजीत समजावलं, तर युवर मॅन, इथल्या भाषेत हा पठ्ठ्या, हसायलाच लागला. म्हणे, आमच्या आईला चहा विचारलास तर ती नाही म्हणते, परत विचारलंस तरी नाही म्हणते, आणि तिसऱ्यांदा विचारलं नाहीस तर घरी येऊन आठवडाभर बोलते. ‘यू आर ग्रँड’, म्हणजे राहू दे रे, म्हणाली तरी किटली ठेवायचीच.

पण डबे कुठेत? केलेलेच नाहीत! डर्मटला थांबता येईना, बाकीच्या गावांचा माल होता, गाडी गेली. सुरेखानं पदर खोचला आणि मला म्हणाली, “त्या तिघांना बोलवा.” आले हो! अर्धा दिवस रजा टाकून आले, एकानंही ‘काका, मी सांगितलं होतं’ म्हटलं नाही. अद्वयनं सोऱ्या धरला, त्याच्या चकल्या अगदी एका मापाच्या. ज्ञानदानं डबे भरले, एक लाडू इकडचा तिकडे नाही. आणि हृषीकेश? सगळं भरून झाल्यावर म्हणाला, “काका, तुमच्या गाडीची किल्ली द्या. मी नेतो.” स्लायगोपर्यंत गेला, पोरगा! तिथं शुभदानं जेवायला थांब म्हटलं तर हा ‘नको’ म्हणाला, आणि तिनं परत विचारलंच. पोट भरून आला. त्या दिवशी त्याला जे कळलं, ते कुठल्या कोर्सात शिकवत नसतील.

आता मांडणी अशी आहे. मेसेज वाचतो असिस्टंट, पण पहिला ‘नको’ तो मोजत नाही. ‘थोडं तरी घ्या’ म्हणून परत विचारतो, आणि तरीही नकोच आलं तर मला फोन करायला सांगतो. माणसानं हो म्हटल्याशिवाय रद्द काहीही होत नाही, ही ज्ञानदाच्या एपीआयची कडी. लेबलं छापते अद्वयची काळी खिडकी, आणि तिच्याजवळ मला जायला बंदी. एकाला निवडायचं म्हणून बसलो होतो, आणि तिघांशिवाय चालेना. तक्रार नाही हं माझी. उपकारच आहेत पोरांचे. फराळ चालू राहिला, दुकान राहिलं, स्लायगोची दिवाळी झाली, आणि सुरेखाचा फोन सुटला तो सुटलाच.

फक्त एक झालं. हात मोकळे झाले म्हणून तिनं परवा सगळ्या ग्रुपवर टाकून दिलंय, की होळीला पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेणार. मी पोरांना विचारलं, अरे, पुरण वाटायचं त्याचं काय? तर त्याला म्हणे कमांडलाइन नाही, एपीआय नाही, असिस्टंटही नाही... मी आहे.